मैत्रिणीच्या बाळंतपणानंतर उपयोगी पडतील असे फ्रीझरमध्ये टिकणारे पदार्थ कोणते?

चैत्रपालवी, रेडिंग (इंग्लंड)

सप्रेम नमस्कार.

आमच्याच गल्लीत राहणाऱ्या मैत्रिणीचे दुसरे बाळंतपण जानेवारीच्या मध्यावर आहे. घरात ती, तिचे यजमान आणि साडेचार वर्षांचा मुलगा अशी तीनच माणसे आहेत. तिच्या आई साताऱ्याहून येणार आहेत, पण वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया त्याच सुमारास ठरल्यामुळे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याआधी त्यांना निघता येणार नाही. यजमानांना येथील नियमाप्रमाणे दोन आठवड्यांची रजा मिळेल. ती संपल्यापासून आई येईपर्यंत दिवसभर घरात तान्ह्या बाळाबरोबर आणि मोठ्या मुलाबरोबर ती एकटीच असेल, आणि याच दिवसांची आम्हा मैत्रिणींना अधिक काळजी वाटते.

आम्ही तिघींनी डिसेंबरच्या अखेरचे दोन शनिवार-रविवार स्वयंपाक करून तिचा फ्रीझर भरून द्यायचे ठरवले आहे. येथील मासिकांत अशा प्रसंगासाठी लसान्या, पाय (सारण भरून भाजलेले इंग्रजी पदार्थ), निरनिराळी सूपे यांच्या याद्या सर्रास मिळतात आणि त्या चांगल्याही असतात. परंतु अंग दुखत असताना आणि झोप झालेली नसताना तिला आपल्या घरचे, आमटी-भाजी-पोळीचे जेवण मिळावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. अडचण अशी की आपल्या पदार्थांपैकी कोणते गोठवल्यावर चांगले राहतात आणि कोणते बिघडतात, याची खात्रीलायक माहिती आम्हाला एका जागी मिळालेली नाही.

तिचा फ्रीझर फ्रीजच्या खालच्या भागात आहे आणि त्याला तीन खण आहेत. त्यांपैकी एक खण ती काढून ठेवलेल्या दुधासाठी मोकळा ठेवणार आहे, म्हणजे आमच्या वाट्याला दोनच खण येतात. यजमान मांसाहार करतात, ती अंडी आणि कोंबडी खाते, मुलाला वरणभात आणि इडली आवडते. बाळंतिणीच्या खाण्याचे काय करावे, किती माणसांचे किती प्रमाण धरावे, डबे कसे भरावेत, याबद्दल अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास फार उपकार होतील.


लिंबलोण, एडिसन (न्यू जर्सी)

चैत्रपालवीताई, तुम्ही आधीपासून विचार करत आहात हे वाचून बरे वाटले. आमच्या भागातील मराठी कुटुंबांत असा फ्रीझर भरून देण्याची पद्धत आता चांगली रुळली आहे आणि मी त्यात अनेकदा हात लावला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

पदार्थ निवडताना मी एकच कसोटी लावते. ज्याला वेळ आणि कष्ट लागतात ते गोठवावे. जे पंधरा मिनिटांत ताजे होते त्याच्यासाठी फ्रीझरची जागा अडवू नये. भाताचा कुकर यजमान लावू शकतात, उपमा कोणालाही परतता येतो, दूध तापवायला कोणी शिकवावे लागत नाही. त्या दिवसांत घरात होत नाही ते म्हणजे कडधान्य भिजवणे, मोड आणणे, खोबरे-कांदा भाजून वाटणे, कणीक मळून पोळ्या लाटणे, पालेभाजी निवडणे. एवढे तुम्ही करून दिले की रोजचे जेवण उभे राहते.

सर्वांत आधी तुरीचे घट्ट वरण करावे. डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवावी, चांगली घोटावी आणि पाणी न वाढवता, चमचा उभा राहील इतकी घट्ट असतानाच भरावी. जागा थोडी असताना फ्रीझरमध्ये पाणी साठवण्यात काही अर्थ नसतो. त्याच पिशवीतले वरण आधणाच्या पाण्यात सोडून मुलासाठी साधे वरण करता येते, त्यालाच फोडणी, गूळ आणि आमसूल घातले की आमटी होते, शिजवलेला पालक घातला की डाळपालक होतो. फोडणी आणि कोथिंबीर मात्र आयत्या वेळीच घालावी, कारण फ्रीझरमधून आलेल्या जुन्या फोडणीला वास उरत नाही.

उसळींमध्ये छोले, राजमा, चवळी आणि वाटाणा उत्तम राहतात. मटकी आणि मूग गोठवून पुन्हा तापवले की आणखी मऊ होतात, म्हणून ते शिजवताना दाणा अख्खा राहील अशा बेताने आच बंद करावी. उसळीत बटाटा अजिबात घालू नये. बटाट्याच्या फोडी फ्रीझरमधून बाहेर आल्यावर भुसभुशीत आणि पाणचट लागतात. तोच बटाटा पावभाजीत घोटून लोण्याबरोबर गेला तर कळतही नाही. म्हणून पावभाजी अवश्य करा. वांग्याचे भरीत, पालकाची पातळ भाजी, शेपू-मूगडाळ याही चांगल्या राहतात. दुधी, कोबी, काकडी यांच्या वाटेला जाऊ नये. कढी फाटते, ताकाचे आणि दह्याचे सगळेच पदार्थ फुटतात. साबुदाण्याची खिचडी आणि पोहे यांचा तर विचारच नको.

वाटणाविषयी मी आग्रहाने सांगेन. कांदा आणि सुके खोबरे खरपूस भाजून, आले-लसूण-धणे घालून केलेले वाटण बर्फाच्या साच्यात गोठवावे आणि वड्या निघाल्या की एका पिशवीत भरावे. दोन वड्या कढईत टाकल्या की अंड्याची आमटीही वीस मिनिटांत होते. तुमच्या मैत्रिणीच्या यजमानांना स्वयंपाकाची थोडीफार सवय असेल तर तयार भाजीच्या एका डब्यापेक्षा या वड्या त्यांना अधिक दिवस पुरतील.

पोळ्या अर्धकच्च्या कराव्यात. तव्यावर दोन्ही बाजूंना फिकट ठिपके दिसू लागले की उतरवाव्यात, डाग पडू देऊ नयेत. जाळीवर सुट्या ठेवून पूर्ण निवल्यावर, मध्ये लोणी-कागदाचे तुकडे घालून आठ-आठची चवड करावी आणि पिशवीतील हवा दाबून काढावी. खाताना पोळी न वितळवता थेट तापलेल्या तव्यावर टाकली की फुगतेसुद्धा. मेथीचे पराठे आणि धपाटे यांनाही हीच रीत लागू पडते. भाकरी मात्र कोरडी पडून तुटते, तिच्या फंदात पडू नका.

शेवटची गोष्ट, जी आम्ही कधी चुकवत नाही. स्वयंपाकाला लागण्याआधी त्या घरात विचारून घ्या. काय आवडते, शेंगदाणे किंवा आणखी कशाची ॲलर्जी आहे का, गरोदरपणात साखर वाढली होती का, डॉक्टरांनी काही वर्ज्य सांगितले आहे का, एवढे चार प्रश्न विचारल्यावर निम्मी यादी आपोआप ठरते.


कृष्णाकाठ, वाई

चि. सौ. चैत्रपालवी, तुमच्या मैत्रिणीच्या आईच्या वयाची मी आहे, त्यामुळे तिकडे लवकर पोचता येत नसल्याने त्यांच्या जिवाची काय घालमेल होत असेल ते मला समजते. तुम्ही तिघी जे करत आहात त्याने त्यांनाही मोठा दिलासा मिळेल.

बाळंतिणीचे खाणे आणि घराचे खाणे यांचा विचार वेगवेगळा करावा असे मला वाटते. बाळंतिणीला ताजे, गरम, तूप घातलेले खायला द्यावे ही आपली जुनी रीत आहे, आणि त्यातले बरेचसे पदार्थ मुळात फ्रीझरवर अवलंबूनच नाहीत. डिंकाचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच महिनाभर चांगले राहतात. शंभर ग्रॅम डिंक बारीक करून तुपात थोडा थोडा तळावा. प्रत्येक खडा लाहीसारखा फुलला पाहिजे, आत कच्चा राहिला तर दाताला चिकटतो. त्यात अडीचशे ग्रॅम खारकेची पूड, तितकेच भाजलेले सुके खोबरे, मूठभर भाजलेली खसखस, मिळाल्यास गोडंबी, नाहीतर बदाम, आणि वेलची-जायफळ घालावे. चारशे ग्रॅम गुळाचा तुपावर नुसता विरघळण्याइतका पाक करून मिश्रण कोमट असतानाच लाडू वळावेत. इंग्लंडच्या थंडीत हात भराभर चालवावा लागेल, कारण मिश्रण लवकर आळते.

हळिवाचे लाडू वेगळ्या जातीचे. त्यात ओला नारळ असल्याने ते बाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे ठेवू नयेत. पाव वाटी हळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजवावेत, दोन वाट्या खवलेला नारळ आणि दीड वाटी गूळ घालून मंद आचेवर गोळा होईपर्यंत परतावे. हे लाडू मात्र फ्रीझरमध्ये ठेवता येतात. रात्री दोन लाडू फ्रीजमध्ये काढून ठेवले की सकाळी दुधाबरोबर खाता येतात. हळिवात लोह चांगले असते आणि बाळंतपणात रक्त गेलेले असते, तेव्हा ही आपली जुनी योजना विचारपूर्वक केलेली आहे.

बाळंतशोप घरीच भाजून द्यावी. बडीशेप, बाळंतशेपा, ओवा, तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस आणि चवीला सैंधव एवढेच तिला लागते, आणि दोन्ही जेवणांनंतर ती हाताशी असावी. लसणाची चटणी सुके खोबरे घालून केली की तीही बाहेर टिकते.

पथ्याबद्दल थोडे लिहिते. वातूळ म्हणून चवळी, वाटाणा, हरभरा, कोबी, फ्लॉवर हे पहिले काही आठवडे आमच्याकडे देत नसत. आताचे डॉक्टर बहुतेक सगळे खायला सांगतात आणि त्यांचे म्हणणे मानावे. परंतु तिला स्वतःला जड पडत असेल तर तिच्यासाठी मूग, मसूर आणि तूर यांचे पदार्थ वेगळे ठेवावेत, आणि छोले-राजमा यजमानांच्या डब्यात जावेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने अंगावर पाजणाऱ्या आईला रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. म्हणून प्रमाण ठरवताना तिचा घास लहान धरू नका. गरोदरपणात साखर वाढली असेल तर लाडवांबाबत मात्र आधी तिच्या डॉक्टरांना विचारावे.


प्रयोगवही, नागपूर

मी अन्नतंत्रज्ञान शिकवते. वरच्या दोन्ही प्रतिसादांत पदार्थांची निवड उत्तम सांगितली आहे, त्यामुळे मी निववणे, भरणे आणि तापवणे एवढ्यापुरतेच लिहिते. घरात तान्हे मूल आणि थकलेली आई असताना या बाबतीत हयगय होऊ नये अशी माझी कळकळ आहे.

बटाट्याचे असे का होते हे समजून घेतले तर इतर भाज्यांचाही अंदाज बांधता येतो. घरगुती फ्रीझरमध्ये पदार्थ हळूहळू गोठतो, त्यामुळे पेशींतील पाण्याचे मोठे स्फटिक तयार होतात आणि ते पेशींच्या भिंती फाडतात. वितळल्यावर ते पाणी बाहेर येते आणि फोड लिबलिबीत होते. ज्या भाजीत पाणी अधिक आणि जी फोडींच्या रूपातच खायची असते ती बिघडते. जी आधीच घोटलेली किंवा मऊ शिजवलेली असते तिला बिघडायला फारसे काही उरत नाही. म्हणून भरीत चालते आणि काकडी चालत नाही.

शिजलेले अन्न दोन तासांच्या आत थंड होऊन फ्रीज किंवा फ्रीझरमध्ये गेले पाहिजे. आपण मोठ्या पातेल्यात दहा माणसांची उसळ करतो आणि ती झाकून ठेवतो, तेव्हा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि जिवाणूंना हेच तापमान मानवते. यावर उपाय सोपा आहे. पदार्थ पसरट परातीत काढावा, परात थंड पाण्याच्या मोठ्या भांड्यात टेकवावी आणि मधूनमधून ढवळावे. डिसेंबरमधले नळाचे पाणी तिकडे इतके गार असते की हे काम फार लवकर होईल.

भाताविषयी विशेष काळजी घ्यावी. तांदळात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात कोमट अवस्थेत राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि हे विष पुन्हा तापवल्याने नष्ट होत नाही. इंग्लंडच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा सल्ला असा आहे की भात शक्यतो तासाभरात थंड करावा आणि फ्रीजमध्ये एका दिवसापेक्षा अधिक ठेवू नये. मुलासाठी मुगाची मऊ खिचडी गोठवायची असेल तर ती ताटात पातळ पसरून निववून लगेच भरावी. अन्यथा लिंबलोण यांनी सुचवल्याप्रमाणे भात ताजाच लावलेला बरा.

फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर असावा. त्या तापमानाला अन्न नासत नाही, पण चव आणि पोत हळूहळू उतरत जातात, म्हणून हे सर्व पदार्थ दोन-तीन महिन्यांत संपतील असा हिशेब ठेवावा. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. पातळ पदार्थ भरताना डब्यात बोटभर जागा सोडावी, विशेषतः काचेच्या डब्यात, नाहीतर तो तडकतो. झिपच्या पिशव्या आडव्या ठेवून चपट्या गोठवल्या तर नंतर त्या खणात वह्यांसारख्या उभ्या लावता येतात, जागा वाचते आणि वितळायलाही कमी वेळ लागतो. दोन खणांत काम भागवायचे असल्याने डब्यांपेक्षा पिशव्याच घ्याव्यात असे मी सुचवेन.

वितळवणे फ्रीजमध्ये रात्रभर किंवा मायक्रोवेव्हमध्ये व्हावे, ओट्यावर नव्हे. वितळलेला पदार्थ चोवीस तासांत संपवावा आणि एकदाच तापवावा. तापवताना मध्यापर्यंत वाफ आली पाहिजे. मोजायचेच झाले तर मध्यभागी ७० अंश सेल्सिअस तापमान दोन मिनिटे टिकले पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये काही भाग थंड राहतात, म्हणून अर्ध्या वेळेत एकदा बाहेर काढून ढवळणे आवश्यक आहे.


रात्रपाळी, बर्मिंगहॅम

मागच्या वर्षी आमच्या घरी कन्या आली आणि असाच फ्रीझर आम्हाला मित्रांनी भरून दिला होता. तो वापरणारा माणूस मी होतो, म्हणून त्या बाजूने काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

चार माणसांचे डबे करू नका. बाळ लहान असताना नवरा-बायको एका वेळी जेवायला बसतच नाहीत. एकाच्या हातात बाळ असते आणि दुसरा जेवतो, मग अदलाबदल होते. मोठा डबा वितळवला की उरलेले चोवीस तासांत संपवण्याची घाई होते आणि शेवटी अन्न टाकावे लागते. एका माणसाला पुरेल अशा लहान पिशव्या आम्हाला सर्वांत उपयोगी पडल्या. दोघांना जेवायचे असेल तर दोन पिशव्या काढता येतात.

प्रत्येक पिशवीवर पदार्थाचे नाव, तारीख आणि तापवण्याची कृती लिहा. माझ्या एका मित्राच्या पत्नीने कागदी चिकटपट्टीवर पक्क्या शाईने असे लिहिले होते: ‘मसूर आमटी. एक वाटी पाणी घालून मंद आचेवर उकळी. मीठ कमी आहे.’ पहाटे तीन वाजता मला एवढेच वाचता येत होते आणि तेवढे पुरेसे होते. गोठलेल्या पिशवीवर शाई धरत नाही, म्हणून पट्टी भरण्याआधी लावा. एक यादी फ्रीजच्या दारावर लावून दिली आणि काढलेल्या पदार्थावर रेघ मारत गेले तर खणात काय उरले आहे ते शोधावे लागत नाही; दार उघडे ठेवून उकरत बसण्याचा प्रश्नच येत नाही.

एका हाताने खाता येईल असे काही तरी नक्की ठेवा. बाळाला पाजत असताना माझ्या पत्नीला कडकडून भूक लागत असे. तेव्हा आमटीभात उपयोगाचा नव्हता. मेथीच्या पराठ्याची तूप लावलेली गुंडाळी, वाफवलेली इडली किंवा कोथिंबीर वडी तिच्या हातात देता येत असे. इडल्या आधी ताटात सुट्या गोठवून मग एका पिशवीत भरलेल्या होत्या, त्यामुळे हव्या तेवढ्याच निघत. ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार मिनिटे वाफवल्या की ताज्यासारख्या होतात.

मांसाहाराबद्दल सांगायचे तर खिमा आणि सुके मटण अप्रतिम राहते. कोंबडीचा रस्सा दाट ठेवून गोठवावा आणि पाणी तापवताना वाढवावे. त्यात बटाटा नसावा हे वर आलेच आहे. शिजवलेल्या माशाचे कालवण मात्र आमच्या घरी कोणाला आवडले नाही. मासा तुटतो आणि कोरडा पडतो.


मुळामुठा, पुणे

येथे चाललेली चर्चा फार उपयुक्त आहे. माझी धाकटी जाऊ फेब्रुवारीत बाळंत होणार आहे आणि दोघेही नोकरदार असल्याने आम्हीही असेच काही करावे म्हणतो. परंतु त्यांच्याकडे एका दाराचा फ्रीज आहे आणि वरच्या बाजूला बर्फाचा कप्पा तेवढा आहे. शिवाय त्यांच्या भागात अधूनमधून वीज जाते. अशा घरात हे पदार्थ कितपत टिकतील?


प्रयोगवही, नागपूर

मुळामुठाताई, एका दाराच्या फ्रीजमधील बर्फाचा कप्पा बहुतेक वेळा उणे १८ अंशांपर्यंत जात नाही, आणि दार उघडले की त्याचेही तापमान वाढते. त्यात बर्फ होतो म्हणून तो फ्रीझर आहे असे मानू नये. तिथे आठवड्याभरात संपेल एवढेच ठेवावे. तुमच्या स्वतःच्या घरी दोन दारांचा फ्रीज असेल तर साठा तिथे ठेवून दर तीन-चार दिवसांनी थोडा थोडा पोचवणे अधिक सोयीचे होईल, कारण तुम्ही एकाच शहरात आहात.

वीज गेल्यावर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास थंड राहतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास. हे आकडे व्यवस्थित चालणाऱ्या स्वतंत्र फ्रीझरचे आहेत, बर्फाच्या कप्प्याला लागू नाहीत. खालचा फ्रीज मात्र बंद दाराने चारेक तासच तग धरतो. अशा घरासाठी कृष्णाकाठ यांनी सांगितलेले लाडू, चटणी, बाळंतशोप आणि त्यांच्या जोडीला भाजलेली थालीपिठाची भाजणी, मेतकूट, भाजून ठेवलेला रवा असे कोरडे पदार्थ अधिक विश्वासाचे आहेत.


चैत्रपालवी, रेडिंग (इंग्लंड)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मैत्रिणीकडे जाऊन लिंबलोणताईंचे चारही प्रश्न विचारून आले. साखर वाढलेली नव्हती, ॲलर्जी कसलीच नाही, आणि तिने स्वतःहून मागितले ते मुगाचे कढण, शेपूची भाजी आणि पुरणपोळी. राजम्याचे नाव काढताच मात्र तिने हात जोडले, म्हणून तो बेत रद्द केला.

आता ठरलेला बेत असा आहे. घट्ट वरण, मसूर आमटी, छोले, शेपू-मूगडाळ, पालकाची पातळ भाजी, खिमा, कोंबडीचा रस्सा, अर्धकच्च्या पोळ्या, मेथीचे पराठे, इडल्या, कोथिंबीर वडी आणि वाटणाच्या वड्या. सर्व एका माणसाच्या प्रमाणात आणि चपट्या पिशव्यांत. कृष्णाकाठकाकू, दोन्ही लाडू तुमच्या प्रमाणाने करणार आहोत. हळीव येथील भारतीय दुकानात मिळाले, बाळंतशेपा तिच्या आई येताना आणतील.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. कोथिंबीर वडी आणि पुरणपोळी कोणत्या टप्प्यावर गोठवावी? आणि एका शनिवार-रविवारी केलेले सगळे एकदम तिच्या फ्रीझरमध्ये ठेवले तर चालेल का?


लिंबलोण, एडिसन (न्यू जर्सी)

कोथिंबीर वडीचा उंडा वाफवून, पूर्ण निववून त्याच्या वड्या कापाव्यात आणि त्या न तळता ताटात सुट्या गोठवून पिशवीत भराव्यात. तळून ठेवलेल्या वड्या पुन्हा कधीच कुरकुरीत होत नाहीत. खाताना न वितळवता थोड्या तेलावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी परतल्या की पुरे.

पुरणपोळी पूर्ण भाजून, निववून, कागद घालून गोठवली तर चांगली राहते. ती तव्यावर थेट टाकण्याआधी अर्धा तास फ्रीजमध्ये काढून ठेवावी, नाहीतर पोळी तापते आणि पुरण आत गारच राहते. नुसते पुरण देऊन उपयोग नाही, त्या दिवसांत तिच्या घरी पोळ्या कोण लाटणार!

एकदम सगळे ठेवू नका. घरगुती फ्रीझर एका दिवसात मोजकेच वजन गोठवू शकतो. तो आकडा फ्रीझरच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. त्यापेक्षा अधिक भरले तर आधीचे पदार्थही मऊ पडू लागतात आणि सगळेच हळू गोठते. तुम्ही तिघी आहात, तेव्हा आपापल्या घरी थोडे थोडे गोठवा आणि घट्ट गोठलेल्या पिशव्या बर्फाच्या थैलीतून तिच्याकडे न्या. झपाट्याने गोठवण्याचे बटण असेल तर ते काही तास आधी सुरू करून ठेवा. मांसाहाराच्या पिशव्या खालच्या खणात आणि बाकीच्या वरच्या खणात लावल्या तर यजमानांना शोधाशोध करावी लागणार नाही.